पायरीवरचा नारळ

गोव्याला जाऊन आले म्हटलं की आमच्या चंदगडकडची माणसं दोन गोष्टी विचारतात. समुद्र बघितलास का, हे मोठ्यानं. दुसरं काय ते हळू आवाजात. मी समुद्र बघितला नाही आणि दुसरंही केलं नाही. मी एका नारळासाठी गेले होते. तो नारळ देवापुढं गेला की नाही हे सांगायलाच हे लिहिते आहे, कारण परत येऊन इतके दिवस झाले तरी माझं डोकं थंड झालेलं नाही.

थोडं मागचं सांगते. माझा थोरला भाऊ तानाजी पेडणे तालुक्यात तुयेच्या कारखान्यात कामाला आहे. बारावी नापास झाला आणि घाट उतरला. त्याच्या पगारावर मी कॉलेज केलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे आणि हे सांगायला मला कुणाच्या बापाची भीती नाही. आता मी तालुक्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. राष्ट्र म्हणजे काय, नागरिक कोण, जगातले देश एकत्र कसे नांदतात, हे सगळं मी फळ्यावर लिहिते आणि मुलं उतरवून घेतात.

दादा तुयेजवळच्या एका गावात भाड्यानं राहतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं तर तुम्ही त्या एका गावाला शिव्या द्याल आणि आपण सुटलो म्हणाल. पूर्वी दादाचा हात मशीनच्या दाबाखाली आला होता. बोटं जायचीच. तेव्हा घरमालक उत्तमकाकांनी ग्रामदेवापुढं त्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलं. बोटं राहिली. तेव्हापासून गावच्या जत्रेला दादाचा एक नारळ देवापुढं असतो. त्या देवळात प्रत्येक घराचा एक नारळ सभामंडपात ओळीनं मांडतात, मग सगळ्या गावाच्या वतीनं गाऱ्हाणं होतं. त्या ओळीत दादाचा नारळ इतकी वर्षं होता.

यंदा दादाचा फोन आला. "सुनंदा, कमिटीनं ठरवलंय म्हणं. भायल्यांचा, म्हंजे आपल्यासारख्या बाहेरच्यांचा, नारळ घ्यायचा न्हाई. आईला सांगू नको."

आईला मी सांगितलं. आई म्हणाली, "तू शिकलीयास न्हवं? जा तू. बोल त्यांच्यासंगं."

तिलारीचा घाट

वडापच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून आम्ही चौघं. तिलारीची वळणं उतरताना मागच्या एका मावशींनी पिशवीत तोंड घातलं ते दोडामार्गापर्यंत बाहेर काढलं नाही. दोडामार्गाला आपलं राज्य संपतं. म्हणजे पाटी तसं सांगते. काजूची झाडं अलीकडे तीच, पलीकडे तीच. चहाच्या टपरीवरची बाई अलीकडे 'बस गो' म्हणते, पलीकडची 'बस गे'. पण आमच्या ड्रायव्हरनं नाका दिसताच पट्टा लावला, तोंडातली तंबाखू थुंकली आणि केसांवरून हात फिरवला.

मी विचारलं, "काय झालं हो?"

"काय न्हाई. एम्एच् पाटी बघितली की पोलीस हात करत्यात. आपण परदेशात चाललो असं समजायचं आणि गप बसायचं."

तो सहज बोलला. मला तेव्हाच खटकलं होतं.

सर्वण

डिचोलीत उतरून मी सर्वणला गेले, कारण नारळ तिथून न्यायचा होता. दादाची बायको रेखावहिनी, तिची धाकटी बहीण मंगल तिथं दिलेली आहे. आमच्याच भागातली पोर. इथल्या शेतकऱ्याच्या घरात सून होऊन आली. घराच्या मागं पाटाच्या पाण्यावर पोफळी, केळी आणि माडांची बाग आहे, कुळागर म्हणतात. आत पाऊल टाकलं की दुपारीही गारवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर सायकलवरून भोंगा वाजवत आला. पदेर म्हणजे पाववाला. मंगलनं उंडे म्हणजे गोल कडक पाव घेतले, बांगडीच्या आकाराची कांकणं घेतली, आणि अळसांद्यांचं तोणाक वाढलं. अळसांदे म्हणजे मोठ्या चवळ्याच, पण भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात अशा मुरतात की आमची चवळीची उसळ आठवून मला थोडी लाज वाटली. मी चार उंडे खाल्ले. मंगलचा नवरा बघत होता. "मास्तरीण, आमच्याकडे पदेर उद्याय येता हां," म्हणाला.

मंगलला मी विचारलं, "तुझा नारळ घेतात ना गं इथल्या जत्रेला?"

"म्हजो? कित्याक घेवचो ना?" ती आता अशीच बोलते. मग हसून आपल्या भाषेत आली. "लग्न झालं त्याच वर्षी घेतला. सासूबाईंनी माझ्याच हातानं ठेवायला लावला."

"आणि दादाचा नाही?"

"ते भायले न्हवं."

"आणि तू कोण?"

"मी लगीन केलं," ती म्हणाली, जणू हे उत्तर होतं. म्हणजे कुंकू लावलं की एका दिवसात माणूस आतला होतो, आणि आयुष्यभर घाम गाळला तरी होत नाही. हा नियम कुठल्या देवानं केला? मी तसं बोलले तर मंगलचा नवरा म्हणाला, "देवान न्हय, मास्तरीण. देव नियम करता तेन्ना पावसाचे करता."

त्यानंच माडावरून उतरवलेला, शेंडीचा, हलवला की पाणी वाजणारा एक नारळ मला दिला. "दादाक सांग, नाल्ल पक्को गोंयकार. आतां ह्येका कोण आडयता बघूं."

तुये

दादाची खोली उत्तमकाकांच्या घराच्या मागच्या अंगाला. पुढं बाल्कांव, म्हणजे दोन्हीकडे बसायला सिमेंटचे कट्टे असलेली ओसरी. दादा कामावरून आला तेव्हा मी तिथं बसले होते. त्यानं आधी नारळ बघितला, मग मला.

"आईला सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं."

"शिकवून चूक केली तुला," म्हणाला आणि हसला. मग त्याच कट्ट्यावर त्यानं नारळाची शेंडी नीट केली. मशीनखाली आलेली दोन बोटं त्याला अजून पूर्ण मिटत नाहीत.

उत्तमकाका आतून आले. गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराचा, पिढ्यानपिढ्यांचा. पण यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. आवाज म्हणजे नुसती हवा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खुणेनं विचारलं, जेवलीस? काकी म्हणाल्या, "हांचो आवाज गेलो, म्हणून दिगू येता. गाराणां आतां तो घालतलो."

दिगू म्हणजे त्यांचा मुलगा. इंग्लंडमध्ये एका गोदामात काम करतो. आणि आता नीट ऐका, कारण इथूनच माझं डोकं फिरलं. दिगूचे आजोबा पोर्तुगिजांच्या राज्यात जन्मले, म्हणून दिगूला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला. तो घेतला त्या दिवशी भारताचं नागरिकत्व गेलं. इथल्या कितीतरी घरांतली मुलं अशी गेली आहेत आणि पोटासाठी गेली त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण हिशेब बघा. देवापुढं गावाच्या वतीनं बोलणार तो माणूस कागदानं परदेशी. आणि ज्याचा नारळ परत करायचा तो कागदानं भारतीय. कमिटीला यातलं एक चालतं आणि एक चालत नाही.

संध्याकाळी कमिटीचा विशांत आला. पंचविशीतला, पदवीधर, चांगल्या घरचा, बोलायला मऊ. काकींनी कदेल पुढं केली, म्हणजे खुर्ची. त्या शब्दापासून पावापर्यंत अर्धं घर पोर्तुगिजांचं, पण त्याबद्दल कमिटीची तक्रार नाही.

"तानाजीमामा, राग धरूं नकात. तुमच्याबद्दल कायच ना. पण ठराव जाला."

मी म्हटलं, "ठराव का झाला ते मला सांगा. मी नागरिकशास्त्र शिकवते."

"मग तुम्हांला कळेल, ताई. वयलें पठार विमानतळाक गेलें. आमच्या जमनी दिल्लीवाल्यांनी घेतल्यो. शिवेर बंगले बांधले, वाटो बंद केल्यो. विमानतळार नोकऱ्यो भायल्यांक. आमचे दिगूसारखे पोरगे भायर वतात. आमचें म्हणून कितें उरलां? देऊळ उरलां. खंय तरी रेघ मारची पडटा."

हे बोलणं खोटं नव्हतं. हेच मला जास्त लागलं. रस्त्यानं येताना मी ते बंगले बघितले होते, कुंपणाला कॅमेरे, आत निळं पाणी.

"मग दिल्लीवाल्याचा नारळ अडवा ना," मी म्हटलं. "बंगला त्यानं बांधला. माझ्या दादाकडे भाड्याची एक खोली आहे."

विशांत म्हणाला, "दिल्लीवालो देवळांत येना न्हय."

म्हणजे जो तुमचं घेऊन गेला तो समोर येत नाही म्हणून मोकळा, आणि जो हात जोडून समोर येतो त्याला अडवायचं! देशांचंही असंच चालतं. जमीन विकत घेणारा पैसा सरहद्दीवरून उडत येतो, त्याला कुणी विचारत नाही. पाठीवर पिशवी घेतलेला माणूस आला की सगळ्यांना रेघ आठवते.

मी बरंच बोलले. विशांत सगळं ऐकून घेऊन उठला. "बघूंया," म्हणाला.

दादा म्हणाला, "बास कर सुनंदा. मला हितंच ऱ्हायचं हाय."

मोपा

दुसऱ्या दिवशी दिगूला आणायला मी, दादा आणि काकी मोप्याच्या विमानतळावर गेलो. गाडी काकांची, चालवणारा दादा. काकी वाटेत खिडकीतून दाखवत होत्या, "हांगा आमी काजी पुंजावंक येताली." त्या काजू वेचायच्या जागी आता दिव्यांचे खांब आहेत. विमानतळ मात्र देखणा. मी उगीच वाईट म्हणणार नाही, फरशीत तोंड दिसतं.

दिगू उशिरा बाहेर आला. सगळं विमान निघून गेलं तरी हा आत. काकींचा चेहरा उतरला. आला तेव्हा हसत होता.

"कितें जालें रे?"

"परदेशी लोकांची लाईन, आये. आदीं गोरे, मागीर हांव." मग मला नमस्कार करून मराठीवर आला. "साहेब विचारतो, येण्याचं कारण? म्हटलं, गाऱ्हाणं घालायचंय. तो म्हणे, म्हणजे पर्यटन? म्हटलं, लिही बाबा पर्यटन."

दादा एवढा हसला की गाडी चालू करायची विसरला.

वाटेत दिगू सांगत होता. गोदामात एक खरा पोर्तुगीज माणूस भेटला. यानं अभिमानानं सांगितलं, मीपण पोर्तुगीज. तो आनंदानं भडाभडा बोलायला लागला. "मला एक अक्षर कळेना. तो म्हणालो, तू कसलो पोर्तुगीज? म्हटलं, कागदावरचो. तेव्हापासून जेवायच्या सुट्टीत तो वेगळ्या टेबलावर. इंग्रज म्हणतात तुमचं काम आटपा आणि घरी जा. घरी आलो तर साहेब म्हणतो पर्यटन."

काकींनी मुलाची बाही धरून ठेवली होती.

दादानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "दिगू, तिथं तुझ्या शेजाऱ्यांचं देऊळ, चर्च काय असंल ते. आत घेत्यात?"

"भितर घेतात. प्रार्थनेत नावं घेत नाहीत," दिगू म्हणाला.

मग दादानं त्याला नारळाचं सांगितलं. दिगूला कुणी कळवलंच नव्हतं.

देवळात

जत्रेची दुपार. देवळाबाहेर खाज्यांचे ढीग, आलं घातलेलं ते गुळाचं खाजं मी पाव किलो घेतलं आणि तिथंच निम्मं संपवलं. रागात मला भूक जास्त लागते.

सभामंडपात नारळांची ओळ लागली होती. दादा धुतलेला पांढरा शर्ट घालून सर्वणचा नारळ घेऊन गेला. विशांतनं दारातच दोन्ही हात जोडले. ओरडला नाही, ढकललं नाही. "मामा, हांगाच दवरा," म्हणाला आणि दारातली शेवटची पायरी दाखवली. दादानं नारळ पायरीवर ठेवला. नमस्कार करून बाजूला उभा राहिला, चप्पल सांभाळायला बसवल्यासारखा. मी पुढं होणार तोच रेखावहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

ज्यांनी कधी गाऱ्हाणं ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक माणूस देवाशी बोलतो, मोठ्यानं, घरातल्या थोरल्याशी बोलावं तसं. प्रत्येक मागणीनंतर सगळा गाव एका आवाजात म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' आमच्या आरतीत माणसं इकडंतिकडं बघतात. इथं छातीतून आवाज येतो.

दिगू उभा राहिला. धोतर त्याला नीट नेसता आलं नव्हतं. उत्तमकाका त्याच्या शेजारी, ओठ हलवत.

"बा देवा म्हाराजा, आज हो गांव तुज्या पांयांकडे एकठांय जाला..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या शिवेभितर जितल्या चुलींचो धूर वयर येता, तितल्यो चुली तूंच राख..."

"व्हय म्हाराजा!"

"जे कोण पोटाक लागून परदेशांत गेल्यात, तेंका वाटेर सांबाळ..."

"व्हय म्हाराजा!"

"जे कोण पोटाक लागून परमुलखांतसून हांगा आयल्यात, तेंकाय सांबाळ..."

"व्हय म्हाराजा!"

मी चमकले. ही ओळ दिगूची नव्हती. काकांचे ओठ त्याच शब्दांवर हलत होते. पिढ्यानपिढ्या ही ओळ गाऱ्हाण्यात आहे. कमिटीनं तिला हात लावला नव्हता. शब्द ठेवले, नारळ काढला!

मग दिगू क्षणभर थांबला. काकांचे ओठ मिटले, म्हणजे नेमाचं गाऱ्हाणं संपलं होतं. पण दिगू बोलला, त्याच सुरात, त्याच चढात:

"आनी म्हाराजा, आज ज्याचो नाल्ल पायरेर उरलो, तो नाल्ल भितर घेवपाची बुद्द ह्या गांवाक दी!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा गाव म्हणाला. सवयीनं. खणखणीत. विशांत पुढच्या रांगेत होता आणि त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. मग काय म्हटलं ते एकेकाच्या कानातून डोक्यात पोचलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. एक म्हातारे म्हणाले, "आतां कितें करतलो? म्हटलां न्हय तोंडान." विशांतचे कान लाल. "तें गाराण्यांत बसना," तो म्हणाला. दिगू म्हणाला, "आतां बसलां."

तुम्हाला वाटेल, मग कुणीतरी उठलं आणि नारळ आत घेतला. नाही घेतला. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कमिटी म्हणाली, फुडल्या वर्सा बघूंया. वर्गात मी शिकवते, जगातले देश एका मोठ्या सभेत बसतात, शांती हवी का म्हटलं की सगळे हात वर करतात, आणि घरी जाऊन कुंपणाला आणखी एक तार लावतात. मुलं विचारतात, बाई, असं कसं? यापुढं मी त्यांना हे देऊळ सांगणार आहे. तोंडानं व्हय म्हाराजा आणि नारळ पायरीवर.

आतले नारळ फुटले. सगळ्यांचं खोबरं एका परातीत मिसळलं, कुणाचं कुठलं ते देवालाही कळू नये असं. विशांत वाटत वाटत दारात आला. माणूस वाईट नाही, दादापुढंही त्यानं हात केला. "घेयात मामा. परसाद."

दादानं हात मागं घेतला. इतक्या वर्षांत या गावात त्यानं कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"माझा नारळ ह्यात न्हाई, विशांत. मग माझा वाटा कसा?"

तो वाकला, पायरीवरचा नारळ उचलला आणि त्याच पायरीच्या कडेवर फोडला. पाणी दगडावर सांडलं. करवंटीतलं खोबरं त्यानं खिशातला चाकू त्या न मिटणाऱ्या बोटांत धरूनच काढलं आणि पायऱ्या उतरणाऱ्यांपुढं हात केला.

पहिला तुकडा उत्तमकाकांनी घेतला. कपाळाला लावला. तोंडातून हवा निघाली, शब्द नाही. दिगूनं घेतला. त्या म्हाताऱ्यांनी घेतला आणि म्हणाले, "गोड आसा रे. खंयचो?" दादा म्हणाला, "सर्वणचा." काही माणसं पलीकडच्या कडेनं उतरली. दोन बायकांनी घेऊन पदराला बांधला. विशांतनंही घेतला. खाल्ला नाही. मुठीत धरून मोटारसायकलपर्यंत गेला, पुढं काय केलं मला दिसलं नाही.

रात्री जेवताना मी म्हटलं, "दादा, ये की परत गावाला. कशाला हा अपमान?"

दादानं भाताचा घास थांबवला. "माझी पोरं हितल्या शाळेत हाईत. बोटं हितं राह्यली. पुढच्या वर्षीबी आणणार नारळ. पायरी तर पायरी. त्यांस्नी दर वर्षी बघू दे."

घरी

आई दारातच उभी होती. "ठेवला?"

मी दादाच्या नारळातला जपून आणलेला तुकडा तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. आईनं तो चावला, बराच वेळ चावला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "आपल्या काजूच्या कारखान्यात त्या ओडिशाच्या पोरी हाईत बघ. आपल्या जत्रेत त्यांचा नारळ कोण घेतो गं?"

मला माहीत नव्हतं. नागरिकशास्त्राच्या बाईंना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर कळलं, कुणी घेत नाही, कारण त्या कधी आणत नाहीत. त्या म्हणाल्या, आणला तर चालेल का, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

आमच्या यात्रा कमिटीचा अध्यक्ष माझा सख्खा चुलता आहे. मी त्याच्या घरी गेले, विचारलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सुनंदा, तुझं बरोबर हाय. पण बाहेरची माणसं वाढाय लागल्यात. कुठंतरी रेघ..."

"पुढचं मला पाठ आहे," मी म्हटलं. "घेणार की नाही?"

"बघू."

"बघू नको, तात्या. आत्ता सांग."

अजून सांगितलेलं नाही. जत्रा जवळ आली आहे. त्या पोरींनी बाजारातून नारळ आणून आमच्या घरी ठेवलाय. आईनं तो देव्हाऱ्यात, आमच्याच देवांच्या ओळीत मांडलाय. जत्रेच्या दिवशी तो उचलून मी त्यांच्यासोबत देवळात जाणार आहे. पायरीवर थांबणार नाही.